दोनशे चौदावरचे साहेब

कोंडीराम ओव्हाळांना चेहरे लक्षात राहत नसत. चाकणच्या त्या गिअर बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं काढली, तरी कँटीनच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे ते एसटीत पहिल्यांदाच भेटल्यासारखे बघत. पण तोच माणूस "भाऊ, जरा ताट द्या की" एवढं बोलला, की यांचं तोंड उजळायचं. "हां, तीनशे सहा. हीट ट्रीटमेंट. पोराचा दात काढला का मग?"

ते कंपनीचे टेलिफोनवाले. आत शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी. सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या कपाटात कुलपात जातात. त्यामुळे जगात इतर ठिकाणी वायरचा फोन मेला असला, तरी इथे तो खांबाखांबावर जिवंत होता. घरून काही निरोप आला तर तो कंपनीच्या नंबरावर यायचा, आणि कोंडीरामांच्या कानावरून पुढे जायचा. एकेका माणसाचा आवाज त्याच्या एक्स्टेंशन नंबरासकट त्यांच्या कानात मुक्कामाला होता.

आणि कानात राहिलेलं तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. स्टोअरच्या कारकुनाची प्रत्येक गोष्ट "म्हणजे कसंय बघा"पासून सुरू व्हायची आणि कसंय ते शेवटपर्यंत कळायचं नाही. पर्चेसचे साहेब वाक्यातला शेवटचा शब्द गिळायचे, जणू तोही खर्चात धरला जाईल. कँटीनचा ठेकेदार "होऊन जाईल" म्हणायचा ते अशा सुरात, की ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवसापासून घरचा डबा सुरू करावा. हे सगळे कोंडीरामांच्या गळ्यात राहायचे. शिडीवर चढून वायरी सोलताना ते स्वतःशी पुटपुटत, आणि पुटपुटताना कोण येऊन बोलून गेलं याचं त्यांना भान नसे. एकदा शिडीवरून पर्चेसच्या साहेबांचा आवाज आला आणि खाली चहा पीत बसलेली तीन पोरं कप टाकून उभी राहिली.

काळेवाडीत शेजारणींपाशी त्यांच्या बायकोची, भिमाबाईंची, तक्रार मात्र उलटी होती. घरात विचारलं भाजीत मीठ कसं झालंय, तर नुसती मान हलवत्यात. आन कंपनीत पंधरा माणसांचं तोंड चालवत्यात.

महिनाअखेर कोंडीराम रिटायर होणार होते. त्यांच्या जागी विजयश्री आली होती. पंचवीस वर्षांची, औशाकडची, कॉन्ट्रॅक्टवर. येऊन सहा महिने झाले होते. मोशीत तिघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, आणि काही अडलं की "असं कसं करायलंय हे" म्हणून मशीनलाच दटावायची. कोंडीरामांना तो सूर इतका आवडला, की दुसऱ्या आठवड्यात शिडीवरून औसा बोलू लागला. तिने खालून ऐकलं आणि म्हणाली, काका, 'करायलंय' मधला 'य' इतका ओढायचा नसतो. त्यानंतर त्यांची गट्टी जमली.

शिकवायचं होतं ते मुख्यतः एका डब्याचं. दोन वर्षांपूर्वी जुनं एक्स्चेंज निघालं आणि रॅकमध्ये हा चपटा डबा बसला. त्याचं नाव सेशन बॉर्डर कंट्रोलर. कोंडीराम त्याला नाका म्हणत, कारण बाहेरचा फोन आत यायचा आणि आतला बाहेर जायचा तो याच्यासमोर थांबून, तपासणी होऊन. नाक्याला तीन दारं. एक फोन कंपनीच्या लाइनकडे उघडणारं. दुसरं आतल्या, खांबांवरच्या फोनांकडे. तिसरं खुद्द डब्याची देखभाल करणाऱ्यांसाठी: सेटिंग बघायचं, बदलायचं, तब्येत विचारायची ती सगळी ये-जा तिसऱ्यातून, म्हणजे बोलणाऱ्यांच्या गर्दीत मिस्त्रीची शिडी आडवी येत नाही. इंजिनिअर लोक या ये-जेला मॅनेजमेंट ट्रॅफिक म्हणतात. कोंडीरामांनी तिन्ही वायरींना चिकटपट्ट्या लावून टाकल्या होत्या: 'मेन गेट', 'आतलं गेट', 'मागचं दार'.

"आत कोण आलं ते डब्याला कळतं," त्यांनी विजयश्रीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पण उत्तर कुठल्या दारातनं धाडायचं, ते त्याला लिहून द्यावं लागतं. ज्याचा पत्ता नावानिशी लिहिलाय तो त्या दारानं. ज्याचा न्हाई, त्याच्यासाठी एकच ओळ असती. लग्नपत्रिकेत 'समस्त मित्रपरिवार' असतं ना, तशी. ती ओळ कुठं तोंड करून हाय, ते आधी बघायचं."

तिने ते वहीत लिहून घेतलं होतं, 'समस्त मित्रपरिवार'सकट.

ती चांगली शिकत होती. एकच गोष्ट त्यांनी तिला शिकवली नव्हती. रोज दोन वाजले की ते तिला खांबांवरचे फोन तपासायला पाठवत. रोजच्या रोज कशाला तपासायचे हे तिला कळत नसे. काका जेवणानंतर जरा डुलकी काढत असतील असं समजून ती गुमान जायची आणि पंधरा मिनिटं जास्तीच लावून यायची.

काका डुलकी काढत नव्हते. सव्वादोनला दोनशे चौदा वाजायचा.

दोनशे चौदा हा टूलरूमचा नंबर. टूलरूम केव्हाच हलली, तिथे आता रॅक आहेत. टूलरूमचे फोरमन जयसिंग साहेब वारले त्यालाही बरीच वर्षं झाली. पण त्यांच्या हाताखालचे उद्धवराव होते. कुरुळीचे. डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, नुसता अंगठा फिरवून किती घासायची ते सांगणारे. कोंडीराम नवखे म्हणून कामाला लागले त्या पहिल्या दिवशी ते डबा न आणता आले होते आणि कँटीनमध्ये कोपऱ्यात पाणी पीत बसले होते. तेव्हा आपल्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता पुढे सरकवली ती या माणसाने. नाव-गाव त्यानंतर विचारलं.

रिटायर झाल्यावर उद्धवरावांच्या आठवणी एकेक करून निघून जाऊ लागल्या. आधी पुतण्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची घरं, आणि मग आपण रिटायर झालो आहोत हेच गेलं. दुपारचे अडीच झाले की अंगात जुना युनिफॉर्म, हातात डबा, आणि निघाले सेकंड शिफ्टला. एकदा नाशिक हायवेवर ट्रेलरच्या रांगेतून एका ड्रायव्हरने त्यांना हाताला धरून कंपनीच्या गेटवर आणलं. मागोमाग त्यांच्या बायको, कस्तुराबाई, अनवाणी आल्या. त्या आणि गेटवर धावत आलेले कोंडीराम, दोघं समजावून थकली. उद्धवरावांचं एकच: साहेबांनी सांगितल्याशिवाय घरी कसं जाऊ.

तेव्हा कोंडीराम गेटच्या केबिनमागे गेले आणि तिथल्या फोनवरून केबिनमधला फोन लावला. सिक्युरिटीने रिसीव्हर उद्धवरावांच्या कानाला लावला. दोनदा खाकरणं ऐकू आलं, आणि मग जयसिंग साहेब म्हणाले, "हं. बोला उद्धवराव."

त्या दिवशी उद्धवराव हसत घरी गेले.

त्याला सहा वर्षं झाली होती. कोंडीरामांनी दोनशे चौदा आपल्या टेबलावर ओढून घेतला. उद्धवरावांच्या घरात अजून वायरचा फोन होता, आणि त्यांच्या बोटांना एकच नंबर पाठ उरला होता. रोज सव्वादोनला ते लावायचे. बोलणं रोज तेच.

"साहेब, उद्धव बोलतोय. आज जरा उशीर व्हईल."

दोन खाकरण्या. "येऊ नका आज. लोड कमी आहे. आराम करा."

"सतरा नंबरची डाय?"

"झाली. चांगली झालीय."

"बरं."

गुरुवारी मात्र फोन येत नसे. गुरुवारी या पट्ट्यातल्या कंपन्यांना वीकली ऑफ. पुतण्यांची नावं विसरलेला माणूस गुरुवारची सुट्टी विसरला नव्हता. कस्तुराबाईंनी एकदा बाजारात भेटून सांगितलं होतं, भाऊ, तुमचा फोन झाला की हे चहा घेत्यात आन निवांत बसत्यात. ज्या दिवशी लाइन बंद असती त्या दिवशी दाराला कुलूप लावून किल्ली पदराला बांधून बसावं लागतं.

हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. मेलेल्या साहेबाच्या आवाजात, कंपनीच्या लाइनवरून रोज खोटं बोलायचं. सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने? भिमाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी एकदाच विचारलं होतं, तुमी रिटायर झाल्यावर साहेब कोण व्हणार? कोंडीरामांनी भाजीच्या मिठाला हलवतात तशी मान हलवली होती.

त्यात त्या महिन्यात कंपनीने डब्याची देखभाल हिंजवडीच्या एका सेंटरकडे दिली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात यादी पाठवली: या पंचेचाळीस एक्स्टेंशनला कुणी मालक नाही, महिनाअखेर काढून टाकू. यादीत दोनशे चौदा होता.

काम गुरुवारी ठरलं. कंपनी बंद, शॉपमध्ये शुकशुकाट, फक्त पंख्याला अडकलेलं कबुतराचं एक पीस हलत होतं. सेंटरमधून सुजित नावाचा मुलगा स्पीकरवर होता. स्वभावाने गोड, पण 'बेसिकली' म्हटल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नसावा. विजयश्री कागदावर पेन्सिलीने एकेक रेघ ओढत होती. अकरा वाजेपर्यंत चौदा झाल्या. चहाला थांबले तेव्हा कोंडीरामांनी स्पीकर बंद आहे याची खात्री करून पंधरावा 'बेसिकली' काढला, आणि तिला ठसका लागला.

काम असं होतं. इतके दिवस मागच्या दाराची वायर फक्त कोंडीरामांच्या कॉम्प्युटरपर्यंत यायची. आता तिला नवा पत्ता द्यायचा आणि ती थेट हिंजवडीपर्यंत न्यायची. पत्ता दिला, दार उघडलं, पण सुजितने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे पोचेना. ते 'समस्त मित्रपरिवार'च्या ओळीवरून मेन गेटने बाहेर पडत होतं आणि फोन कंपनीकडे जाऊन हरवत होतं.

सुजित म्हणाला की बेसिकली ती ओळच मागच्या दाराकडे वळवू, म्हणजे आमच्या सेंटरची सगळी ऑफिसं एका फटक्यात आली. आणि फोन कंपनीचे पत्ते नावानिशी मेन गेटवर लिहून टाकू. त्यांच्या कागदावर दोनच आहेत, त्याने ते वाचूनही दाखवले.

कोंडीरामांची डायरी समोर उघडी होती. कुठल्याशा बेअरिंगवाल्यांनी नववर्षाला वाटलेली, त्यात त्यांच्या तिरप्या अक्षरात दोन वर्षांपूर्वीची एक ओळ होती: 'लँडलाइनवरून फोन आला तर आवाज तिसऱ्याच पत्त्यावरून येतो. विसरू नये.' त्या ओळीवर बोट ठेवून ते बसले. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सुजितने विचारलं असतं, काका, लँडलाइनवरून आता फोन करतो कोण? मग त्याने महिन्याभराची नोंद काढली असती. आणि त्या नोंदीत गुरुवार सोडून रोज सव्वादोनला, कुरुळीहून, मालक नसलेल्या दोनशे चौदावर.

"काका, काही राहिलंय का?" विजयश्रीने विचारलं.

"न्हाई," कोंडीराम म्हणाले. "कर."

तिने ओळ वळवली. सुजितला हिंजवडीत डबा दिसू लागला आणि त्याने स्पीकरवरून दोघांसाठी टाळ्या वाजवल्या. विजयश्रीने गेटवर जाऊन आपल्या मोबाइलवरून फोन लावला. दोन्हीकडून आवाज स्वच्छ. तिने चार वेगवेगळ्या लोकांना फोन करायला लावला. चौघांकडे मोबाइलच होते.

शुक्रवारी सकाळपासून सगळं सुरळीत होतं. नेहमीसारखे निरोप येत होते, कुणाचं गॅस सिलेंडर, कुणाच्या सासूची बस. कोंडीराम दर फोनला मान वर करत होते. आवाज दोन्हीकडून जातोय, म्हणजे डायरीतली ती ओळ जुनी झाली असेल, फोन कंपनीने सगळं एक केलं असेल, अशी ते स्वतःची समजूत घालत होते. दोन वाजता त्यांनी विजयश्रीला खांबांवर पाठवलं. काल एवढं मोठं काम झालं होतं, म्हणून आज खांबांची तपासणी तिने मनापासून आणि भराभर उरकली, आणि सव्वादोनला दोन मिनिटं असताना दारात परत हजर झाली. तिला पुन्हा कुठे पाठवावं ते त्यांना सुचेपर्यंत दोनशे चौदा वाजला.

त्यांनी उचलला. पाठ तिच्याकडे केली.

"साहेब, उद्धव बोलतोय. आज जरा उशीर व्हईल."

दोन खाकरण्या झाल्या. "येऊ नका आज. लोड कमी आहे."

पलीकडे काहीच नाही. मग, "हॅलो? साहेब?"

"बोलतोय मी, उद्धवराव. ऐकू येतंय का?"

"साहेब, ऐकताय न्हवं?" उद्धवरावांचा आवाज बारीक झाला. "रागावलात व्हय? सतरा नंबरची राहिली माझ्याकडनं, म्हाईत हाय मला. साहेब?"

कोंडीराम जयसिंग साहेबांच्या आवाजात दोनदा बोलले, मग विसरून स्वतःच्या आवाजात बोलले. पलीकडे यातलं काहीच पोचत नव्हतं.

"बरं," उद्धवराव म्हणाले. "येतो मी. समक्ष येऊन सांगतो."

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला.

कोंडीराम वळले तेव्हा विजयश्री दारातच उभी होती. सहा महिन्यांत तिने त्यांना पंचवीस माणसांच्या आवाजात बोलताना ऐकलं होतं, पण असं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती मधूनच, हायवेपासून, मग मागे भाकरीपर्यंत गेले, मग डायरीतल्या ओळीवर बोट ठेवलं. काल बोललो असतो तर, एवढं म्हणून थांबले. जयसिंग साहेब कोण हे तिला विचारावं लागलं नाही, आवाज तिने ऐकलाच होता.

तिने विचारलं ते एकच. "कुरुळीपासून इथवर चालत किती वेळ?"

"अर्धा तास. पण हायवे धा मिनटांवर हाय."

कस्तुराबाईंच्या मोबाइलवर त्यांनी टेबलावरूनच लावून पाहिला. तो बंद होता. तो नेहमीच बंद असायचा. तोवर विजयश्री कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिला गोष्ट समजली होती. उद्धवरावांचा आवाज मेन गेटने आत येत होता. उत्तर द्यायची वेळ आली की डबा तो तिसरा पत्ता नावानिशी शोधायचा, सापडायचा नाही, आणि 'समस्त मित्रपरिवार' म्हणून त्या उत्तराला मागच्या दाराने हिंजवडीला पाठवायचा. साहेब रोजच्यासारखेच बोलत होते, फक्त चुकीच्या गावाला.

"ती ओळ परत मेन गेटकडे फिरवते," ती म्हणाली.

"थांब. आधी ओळ फिरवली तर सुजितचा डबा अंधारात. तो समजंल डबाच मेला, आन तिकडनं कायतरी करायला जाईल." कोंडीरामांचा आवाज आता त्यांचा स्वतःचा होता. "आधी त्यांच्या सेंटरचे पत्ते नावानिशी मागच्या दारावर लिही. तेवढ्यांनाच. मग ओळ फिरव."

"परवानगी?"

परवानगीशिवाय बदल केला म्हणून कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरीचं काय होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"नंतर मागते," विजयश्रीने स्वतःच उत्तर दिलं आणि टाइप करायला घेतलं. सेंटरचे तीन पत्ते, तिन्हीच्या पुढे मागचं दार. कोंडीराम तिच्या खांद्यावरून एकेक आकडा पुटपुटत वाचत होते, आणि त्या पुटपुटण्यात कुणाचाच आवाज नव्हता. मग तिने ती एक ओळ मेन गेटकडे फिरवली.

कोंडीरामांनी कुरुळीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. सहा, सात. नवव्या घंटीला कस्तुराबाईंनी उचलला.

"वैनी, कोंडीराम. ऐकू येतंय का?"

"येतंय की भाऊ. अवो हे बूट घालून बसल्यात. नाडी बांधता येईना म्हणून उशीर, न्हाईतर कवाच गेलं असतं. मी किल्ली शोधतेय."

"त्यांना फोन द्या."

त्या चालत गेल्याचा आवाज आला, समजावल्याचा आला, आणि मग ओळखीचा श्वास. कोंडीरामांनी खाकरायला तोंड उघडलं. खाकरणं आलं, पण त्यामागून जयसिंग साहेब काही येईनात. सहा वर्षं रोज हजर असलेले साहेब. पुन्हा खाकरले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे त्यांनी रिसीव्हर छातीशी धरला आणि विजयश्रीकडे पाहिलं.

तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ज्या माणसाबद्दल तिने पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं, त्याच्याशी ती औशाच्या सुरात, कुणाचं सोंग न घेता बोलू लागली.

"उद्धवराव, साहेब नाहीत इथं. मी टेलिफोनवरून बोलायलेय. मघाशी लाइन खराब होती, तुमचा आवाज आला, आमचा गेला नाही. साहेब रागावलेले नाहीत."

"तुमी कोण?"

"विजयश्री. नवीन आहे."

कोंडीराम कान रिसीव्हरच्या मागच्या बाजूला लावून उभे होते.

"नवीन व्हय," उद्धवराव म्हणाले. "डबा आणलाय का?"

तिने कोंडीरामांकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

"आणलाय," ती म्हणाली.

"आणत जा. कँटीनचं खाऊ नका." मग थोडं थांबून, "तिथं टेलिफोनवाला कोंडीराम असंल. त्याला द्या जरा."

सहा वर्षांत उद्धवरावांनी हे नाव घेतलं नव्हतं. कोंडीरामांनी रिसीव्हर घेतला तो दोन्ही हातांनी.

"दादा, बोला."

"कोंडीराम, खरं सांग. साहेब रागावल्यात का रं?"

"न्हाई दादा. खूश हायेत. सतरा नंबरची डाय बघितली त्यांनी. म्हणले, उद्धवचा हात हाय, दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

"असं म्हणले?"

"मी सोता ऐकलं."

"मग आज येऊ का नको?"

"नका येऊ. बूट काढा. वैनीनी चहा ठेवला असंल."

"बरं," उद्धवराव म्हणाले.

सुजितला विजयश्रीनेच फोन केला. डबा त्याला दिसत होता, त्यामुळे ओळ फिरली हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने लँडलाइनच्या तिसऱ्या पत्त्याचं सगळं सांगितलं, बदल विचारल्याशिवाय केला हेही सांगितलं. तो एकदा 'बेसिकली' म्हणाला आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून थांबला. मग म्हणाला की कालची चूक माझी होती. कोंडीरामांनी स्पीकरकडे तोंड नेऊन सांगितलं की तुझी न्हाई बाबा, मला ठाऊक होतं आन मी बोललो न्हाई. त्या दिवशी त्यांनी त्याची नक्कल काढली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काढली.

पुढचे आठ दिवस दोनशे चौदा दोघं मिळून उचलत होते. जयसिंग साहेब परत आले नाहीत. उद्धवरावांनीही त्यांना फारसं शोधलं नाही. काही दिवशी ते विजयश्रीला नव्याने विचारायचे, तुमी कोण, आणि ती नव्याने सांगायची. काही दिवशी डाय कशी धरायची ते समजावून सांगायचे आणि ती वहीत लिहून घ्यायची, कारण ऐकताना लिहायची तिला सवयच होती. शेवटी ती विचारायची, आज येणार का? आणि तेच म्हणायचे, लोड कमी असंल तर न्हाई येत. लोड कमीच असायचा.

महिनाअखेर हँडओव्हरचे कागद आले. सह्या करता करता कोंडीराम त्या पंचेचाळीस नंबरांच्या यादीपाशी थांबले. चव्वेचाळीसांवर सेंटरने काट मारली होती. दोनशे चौदासमोर, मालकाच्या रकान्यात, विजयश्रीचं नाव होतं, तिच्याच अक्षरात. त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि बेअरिंगवाल्यांची डायरी तिच्या टेबलावर ठेवून दिली.

रिटायर झाल्यावरचा पहिला दिवस शनिवार होता. भिमाबाईंनी सकाळपासून पाहिलं, हा माणूस घरात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. टीव्हीपुढे बसवला तर बातम्या देणाऱ्याचा आवाज काढत होता. दळणाला पाठवला तर गिरणीवाल्याचा आवाज घेऊन परत आला. दोन वाजता जेवणं झाली आणि कोंडीराम घड्याळाखाली येऊन बसले.

"आता काय?" भिमाबाई म्हणाल्या. "खांब तपासायला जाऊ का मी?"

सव्वादोन झाले. त्यांनी मोबाइल उचलला, कंपनीचा नंबर लावला, पुढे दोनशे चौदा दाबला आणि कानाला धरला. पलीकडून टूं, टूं, टूं येत होतं. लाइन एंगेज.

ते ऐकत राहिले. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. अजून एंगेज. डायच्या कडेवर आले असतील आता, किंवा डब्यावर.

"लागंना का?" भिमाबाईंनी विचारलं.

"लागलाय," कोंडीराम म्हणाले. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "चहा टाक."

भिमाबाई चहा टाकायला उठल्या. आतून त्यांना ऐकू आलं, बाहेरच्या खोलीत कुणीतरी औशाच्या सुरात हळूच विचारत होतं, आज येणार का? 'य' अजूनही जरा जास्तच ओढलेला होता.